‘ईसीएम (गाडीचा मेन कॉम्प्युटर) गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी अर्थिंग तपासायला लावा

६१,२५० रुपये गेले आणि बिघाड निघाला एका अर्थ वायरचा, म्हणजे बॅटरीचं मायनस इंजिनला-बॉडीला जोडणाऱ्या जाड वायरचा. लिहिताना अजूनही राग आवरत नाहीये, आणि लाज अशी की घरात पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही. पण जुनी गाडी वापरणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून लिहितेय.

गाडी २००९ ची, पेट्रोल. त्रास असा की कधी सेल्फ मारला की नुसतं टक टक टक, मीटरचे सगळे दिवे मंद होऊन विझायचे, आणि थोड्या वेळाने काहीच झालं नाही अशी चालू व्हायची. एसी आणि हेडलाइट एकत्र लावले, वर पंखा सुरू झाला की चालत्या गाडीत काटे खाली पडायचे. गॅरेजला नेली की हमखास व्यवस्थित. असला बिघाड ज्यांनी भोगलाय त्यांना माहितीये, समोरच्याला पटवता पटवता आपणच वेडे ठरतो.

आणि या मधूनमधून येणाऱ्या बिघाडाचाच हे गॅरेजवाले फायदा घेतात हे मला आता कळतंय. कुठलाही पार्ट बदलला तरी आधी बॅटरीचं टर्मिनल काढतात, वायरी हलवतात, परत बसवतात. तेवढ्याने सैल जोड तात्पुरता नीट बसतो, आठवडाभर गाडी छान चालते, आपण म्हणतो चला, झालं काम. मग परत बंद. मग ‘ताई, ते वेगळं होतं, हे दुसरंच निघालं’. आधी बॅटरी, ६,८०० (जुनी बॅटरी त्याने ठेवून घेतली, तिचा एक रुपया वजा केला नाही). मग अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करतो तो), नवीन म्हणून १४,५००. मग ईसीएम ३२,०००, वर प्रोग्रामिंगचे ४,५००, आणि सगळ्याची मजुरी ३,४५०.

ईसीएमच्या वेळी गॅरेजच्या मालकाने बिघाडाचे कोड वाचायचा स्कॅनर माझ्यासमोर धरला. पी०५६२ आणि त्याखाली यू ने सुरू होणारे पाच-सहा कोड. म्हणाला, सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) एकमेकांशी बोलायचे बंद झालेत, मेन कॉम्प्युटर गेला. आता समोर मशीन दाखवतंय, माणूस इतक्या खात्रीने सांगतोय, तर कुणीही विश्वास ठेवेल, मी काही वेडी नव्हते. पण पी०५६२ चा अर्थ फक्त एवढाच की गाडीतला व्होल्टेज कमी पडतोय. व्होल्टेज पडला की मॉड्यूल बंद पडतात, संपर्क तुटल्याचे कोड धडाधड येतात. कोड म्हणजे लक्षण, कुठला पार्ट गेला ते त्यात लिहिलेलं नसतं. ज्याला हे रोजचं काम आहे त्याला हे माहीत नाही असं मी मानायला तयार नाही.

आणि तो एक क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. गाडी त्यांच्याच दारात बंद पडली होती, चावी फिरवली तर मीटर पूर्ण काळा. कामाचा पोरगा बोनेटमध्ये वाकून काहीतरी बघत होता, त्याचा कोपर बॅटरीच्या मायनसकडून खाली जाणाऱ्या जाड काळ्या वायरला लागला आणि माझ्या डोळ्यासमोर मीटरचे दिवे फाटकन लागले. पोराने परत वायर हलवली, दिवे गेले. परत हलवली, आले. तो ‘शेठ’ एवढंच म्हणाला आणि मालक तिथून ओरडला, ‘तू हात लावू नको, बोनेट लाव.’ मी बघितलं हे सगळं! मी विचारलंसुद्धा, की वायर हलवल्यावर लागली ना? तर म्हणे, ताई, ईसीएम खराब असला की असंच होतं, तुम्हाला त्यातलं नाही कळणार. चारचौघांत असं बोलल्यावर माणूस गप्प बसतो. ऑफिसला उशीर होत होता, गाडीशिवाय अडलं होतं, आणि अ‍ॅडव्हान्स आधीच दिलेला होता.

पुढे महिन्याभरात परत तेच सुरू झालं तेव्हा एका ओळखीच्या वयस्कर वायरिंगवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. साधा मल्टिमीटर, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर (टर्मिनलच्या पट्टीवर नाही, खुंटीवरच), दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. तिथे ०.२ च्या आसपास यायला हवं, माझ्या गाडीत ३ व्होल्टच्या वर गेलं. म्हणजे बॅटरीत १२.६ असून तीन व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते. मग जंपर केबलने बॅटरीचं मायनस थेट इंजिनला जोडलं आणि गाडी एका झटक्यात चालू. गिअरबॉक्सजवळची अर्थ वायर सोडवली तर लगच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) आत हिरवी पावडर, तारा निम्म्याहून जास्त तुटलेल्या, वरून कव्हर मात्र धडधाकट. वायर आणि मजुरी मिळून ६५० रुपये.

काकांनीच मग अल्टरनेटर बघितला. वर चंदेरी स्प्रे, रंगाच्या खाली जुनं ग्रीस तसंच. ईसीएमचा सिरियल नंबर मी मागे विम्याच्या वेळी काढलेल्या फोटोशी ताडून बघितला, तोच! माझाच डबा मला ३२,००० ला विकला. म्हणून सांगते, काम द्यायच्या आधी प्रत्येक पार्टच्या नंबरचा फोटो काढा, मार्करने खूण करा, आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलिसांकडे गेले, तर हा तुमचा आपसातला व्यवहार आहे, ग्राहक तक्रार करा. लेखी द्या म्हटलं, तर लेखी काही मिळणार नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवर अर्धा तास संगीत ऐकवलं, मग नोंद झाली, आणि काही दिवसांनी ‘समोरच्या पक्षाकडून उत्तर आले नाही’ म्हणून तक्रार बंद!! उत्तर देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय ना आम्ही? परत उघडायला सांगितली तर पार्ट बदलला नाही याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा. गाडीच्या कंपनीला मेल केला, ते म्हणाले गॅरेज आमचं अधिकृत नाही, आम्ही बाहेरच्या कामाबद्दल काही देत नाही. मी फक्त एवढंच मागत होते की हा सिरियल नंबर माझ्या गाडीबरोबर आलेला का ते सांगा, तेही नाही. काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, तर तक्रारवाले विचारतात, तुमच्या मेकॅनिककडे मान्यता आहे का. फसवणारा मोकळा आणि कागद गोळा करायचे मी. प्रत्येक टेबलावर परत पहिल्यापासून सांगायचं, आणि बाई गाडीबद्दल बोलतेय म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते वेगळंच.

अजून एक, बिघाड येतो त्या क्षणीच व्हिडिओ काढा, गाडी गरम होती का, पाऊस होता का, काय काय चालू होतं ते बोलून ठेवा. कोड डिलीट करू देऊ नका, आधी फोटो. रात्रीत बॅटरी उतरते असं कुणी म्हणालं तर गाडी लॉक करून निदान अर्धा तास थांबून करंट मोजायला लावा, साधारण ५० मिलिअँपच्या आत असेल तर तिथे दोष नाही. आणि अर्थिंगचा ड्रॉप (वाटेत खाल्ला जाणारा व्होल्टेज, काकांनी मोजला तो) मोजल्याशिवाय जो थेट कॉम्प्युटरवर येतो त्याच्याकडून चावी परत घ्या, अ‍ॅडव्हान्स गेला तरी चालेल.

परवा परत अर्ज दिलाय, फोटो, नंबर, काकांचं पत्र, तुटकी वायर पिशवीत घालून सगळं जोडून. आता म्हणतात पक्कं बिल लागेल. त्याने दिलंय साध्या पॅडवर पेनने लिहून, खाली सही नाही, शिक्का नाही, ईसीएमच्या पुढे नुसतं ‘कॉम्प. काम ३२०००’.