दुसऱ्या सत्रात लेझीम की खो-खो?

वडोदऱ्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीचा चाळीसचा वर्ग असेल, तर आमचा कौल लेझीमला. खो-खोत मैदानावर एका वेळी 9 पाठलाग करणारे आणि 3 पळणारे. उरलेली मुलं कडेला बसतात. लेझीम सगळ्यांच्या हाती येते. दांडा डाव्या हातात, साखळीची मूठ उजव्या. आधी पावलं नुसती टाळीवर पक्की करा, मगच लेझीम द्या. एकदम दिली की मुलं हाताकडे बघतात, पाय ठेका सोडतात. साखळीत बोटंही चिमटतात. 26 जानेवारीला कार्यक्रम तयार.

चपळाई मात्र खो-खोचीच! तिथे चूक ठरलेली: ‘खो’ मिळण्याआधीच मूल उठतं. पाठीला स्पर्श आणि शब्द एकत्र, हे बसून घोटवा.