डेबियन कोड सर्च: फुकट, लॉगिन नाही, सी भाषेत लिहिणाऱ्यांनी तर वापराच

गिटहबचं (कोड ठेवायची प्रसिद्ध साइट) सर्च असताना डेबियन कोड सर्च कशाला, असं आमच्या ऑफिसात (महापे एमआयडीसी) दर नवीन आलेला पोरगा विचारतोच, म्हणून एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

आहे काय तर डेबियन लिनक्समधल्या पॅकेजेसचा सगळा सोर्स कोड एका ठिकाणी, आणि त्यात रेजेक्स (म्हणजे अक्षरांचा नमुना) टाकून शोधायचं. दिसायला अगदी साधं, एक बॉक्स आणि बटण. मिखाएल श्टापेलबर्गने 2012 मध्ये हे कॉलेजच्या प्रबंधासाठी केलं. त्याच वर्षी जानेवारीत गुगलचं जुनं कोड सर्च बंद पडलं होतं आणि ते आतून कसं चालायचं हे ते बनवणाऱ्या रस कॉक्सने कोडसकट उघड करून टाकलं होतं, त्याच्याच जोरावर हे उभं राहिलं. ट्रिक भारी आहे. सगळ्या फाइलींचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून कुठला तुकडा कुठल्या फाइलीत आहे त्याची यादी आधीच करून ठेवायची, मग रेजेक्स आली की यादीवरूनच बहुतेक फाइली बाद, खरं मॅचिंग फक्त उरलेल्यांत. म्हणून शोधताना निदान तीन अक्षरं तरी सलग आणि पक्की द्या, नुसतं डॉट-स्टार (म्हणजे ‘काहीही चालेल’) टाकून मजा नाही.

आता माझं उदाहरण. आम्ही फाइल सिंकचं एक एजंट लिहितो, लिनक्सवर ते आयनोटिफायवर (फाइल बदलली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कळवतो ती सोय) चालतं. फोल्डरमध्ये एकदम धडाधड फाइली पडल्या की कर्नलची रांग भरते, पुढचे इव्हेंट सरळ गळतात आणि तुम्हाला फक्त आयएन-क्यू-ओव्हरफ्लो असा एक निरोप येतो, त्यात वॉच नंबर उणे एक, म्हणजे नेमकं कुठे काय गळलं ते कळतच नाही. मॅन पेज (लिनक्सचं माहितीपान) म्हणतं की कॅशे (प्रोग्रामने आपल्याजवळ ठेवलेली फाइलींची नोंद) थोडी किंवा पूर्ण परत बांधावी लागू शकते. बरं, पण बांधायची कशी? चांगले लोक हे करतात तरी कसं? इथे हे सर्च कामी येतं. तेच नाव टाकलं, पॅकेजनुसार ग्रुप करा म्हटलं, उणे चिन्ह लावून कर्नलचं पॅकेज आणि टेस्टचे फोल्डर उडवले, आणि उरलं ते निवांत वाचत बसले. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करून सांभाळणारं) हा निरोप त्या आयनोटिफायवर ऐकत बसलेल्या सगळ्यांना पाठवतं, ज्याने त्याने आपलं बघावं. वॉचमन (फाइलींवर नजर ठेवणारं) मात्र कुठे काय गळलं याच्या फंदातच पडत नाही, सरळ फोल्डरांचं सगळं झाड पहिल्यापासून फिरून येतं. दोन वेगळे स्वभाव, दोन्ही बरोबर, आणि आमच्या एजंटला दुसरा लागू पडतो हे कोड समोर दिसल्यावरच पटलं. हे एआयला विचार ना, असं शेजारचा म्हणाला. विचारलं, उत्तर गुळगुळीत आलं, पण कोणाच्या कोडवरून ते काही सांगेना.

गिटहबचं सर्च वाईट नाहीये, 2023 पासून तर खूपच सुधारलंय, स्लॅशमध्ये रेजेक्स टाका, सिम्बॉल (फंक्शन वगैरेंची नावं) शोधा, सगळं आहे. पण लॉगिन लागतं, फक्त डिफॉल्ट ब्रँच (प्रोजेक्टची मुख्य शाखा) बघतं, आणि मुख्य म्हणजे तिथे कोणाच्या कॉलेज असाइनमेंटचाही कोड त्याच रांगेत उभा असतो. डेबियनमध्ये आलेलं पॅकेज निदान कोणीतरी मेंटेन करतंय, एवढी तरी गाळणी लागलेली असते.

आता तक्रारी. जे डेबियनमध्ये नाही ते इथे नाही, म्हणजे जावास्क्रिप्टवाल्यांना आपली लायब्ररी बऱ्याचदा सापडणारच नाही, त्यांनी ग्रेप डॉट ॲप ही कोड शोधायची साइट बघा. फक्त अनस्टेबलमधला (डेबियनची सतत बदलती आवृत्ती) सोर्स आहे, जुनी व्हर्जन नाही, ही ओळ कधी आली आणि का आली हे विचारायची सोय नाही, त्यासाठी रेपो क्लोन करून गिट लॉगला कॅपिटल एस लावून शोधा. कर्नलच्या जुन्या व्हर्जन हव्या असतील तर बूटलिनची एलिक्सिर ही साइट, व्याख्या कुठे आणि वापर कुठे हे व्हर्जननिहाय दाखवतं, त्याला तोड नाही. आणि डॉक्युमेंटेशन हे शोधत नाही, मॅन पेजसाठी डेबियनचीच वेगळी साइट आहे. मी झील (डॉक्युमेंटेशन वाचायचं ॲप) उतरवून ठेवलंय, ऑफलाइन चालतं, ठाणे-वाशी लोकलमध्ये सीट मिळाली तर लॅपटॉप उघडून वाचता येतं, सीट मिळाली तर.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मोबाइलवर लांब ओळी वाचताना होणाऱ्या वैतागापायी. आणि हो, सापडलेला कोड उचलून कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये डकवण्याआधी त्या पॅकेजची कॉपीराइट फाइल उघडा, सिस्टमडीचं लायसन्स एलजीपीएल आहे, वॉचमनचं एमआयटी, दोन्हींचे नियम वेगळे.