आर्डर : कीर्तनाच्या मांडवात पाच हंगाम

नावापासून सुरुवात करतो, कारण दर वेळी घोळ होतो. ऑर्डर नव्हे, आर्डर : आवाज टिपायचं आणि मिसळायचं सॉफ्टवेअर. मागे एका मंडळाच्या अध्यक्षांनी लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय चालू आहे?" मी म्हटलं, "आर्डर." ते म्हणाले, "आमची तर पक्की झाली ना?"

नाशिकच्या पंचवटीत आमचा मंडप-साउंडचा धंदा. अण्णांनी तो भोंगे आणि आहुजाच्या ॲम्प्लिफायरवर उभा केला, मी त्यात डिजिटल मिक्सर आणला. रेकॉर्डिंग हे खूळ माझं एकट्याचं. सप्ताहातलं कीर्तन सोळा चॅनलवर वेगवेगळं उचलायचं, घरी निवांत मिसळायचं आणि मंडळाला पेनड्राइव्ह द्यायचा. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव या बाजूला सप्ताह भरपूर, त्यामुळे खूळ अंगाशी न येता थोडेफार पैसेही देतं.

आर्डरच्या आधी मी एका बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायचो. वापरायचो म्हणजे काय, एका कॉम्प्युटरवाल्याने पाचशे रुपयांत "टाकून दिलं" होतं. चोरीचा माल. दोन वर्षं चाललं आणि ऐन हंगामात एका सकाळी उघडेचना. तो दुकानदार म्हणाला, विंडोज मारू, परत टाकू. टाकलं, पण आवृत्ती वेगळी निघाली आणि जुनी कामं तिला वाचता येईनात. त्या फाइली अजून माझ्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. चूक माझीच, कुणाला बोल लावायला तोंड नाही. पण एक धडा घेतला: आपलं काम अशा पेटीत ठेवायचं नाही, जिची किल्ली दुसऱ्याकडे आहे.

आर्डर हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. पॉल डेव्हिस नावाच्या प्रोग्रामरने ते १९९९-२००० च्या सुमारास लिहायला घेतलं. हा माणूस ॲमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रामरपैकी एक. तिथून बाहेर पडला आणि लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) ध्वनिमुद्रणाचं साधन नाही म्हणून स्वतःच बनवत बसला. ते बनवताना एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेण्याची सोय लागली, म्हणून 'जॅक' लिहिलं. साउंडवाल्याला समजेल असं सांगायचं तर जॅक म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला पॅचबे. इकडची पिन तिकडे खोचायची, वायर दिसत नाही एवढंच. आता नव्या लिनक्समध्ये ते काम पाइपवायर करतं आणि आर्डरला दोन्ही नसले तरी चालतं, तो साउंडकार्डाशी थेट बोलतो.

पैशाचं गणित जरा नीट सांगतो, कारण 'मुक्त' म्हटलं की लोक 'फुकट' ऐकतात. याचा सगळा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे, कुणीही घ्यावा आणि त्यातून चालता प्रोग्राम बांधावा. पण त्यांच्याकडून तयार बांधलेला प्रोग्राम हवा असेल तर पैसे द्यावे लागतात, महिन्याला एक डॉलरपासून पुढे, ज्याची त्याची ऐपत. चाचणीची फुकट आवृत्ती दहा मिनिटांनी मुकी होते. लिनक्सच्या उबंटू स्टुडिओसारख्या वितरणात मात्र तो आधीच बसवलेला मिळतो, एक पैसा न देता आणि मुका न होता. पहिली दोन वर्षं मी तोच वापरला. मग लाज वाटायला लागली. माझ्या माइकचं भाडं बुडवणाऱ्या मंडळांना मी शिव्या घालतो आणि इथे स्वतः फुकट खातोय! आता दर महिन्याला देतो, साधारण चार मिसळींचे पैसे. पैसे थांबवले तरी हातात असलेली आवृत्ती चालतच राहते, कुलूप लागत नाही.

आता कामाचं. मिक्सरची यूएसबी वायर लॅपटॉपला लावली की सोळा चॅनल सोळा ट्रॅकवर. ड्रायव्हर टाकावा लागत नाही, कारण माझा मिक्सर यूएसबीच्या सर्वसाधारण नियमाने चालणारा आहे. विकत घेताना हे विचारून घ्या, नाहीतर लिनक्सवर डोकं आपटाल. मी 'सप्ताह' नावाचा साचा करून ठेवलाय: महाराज, दोन गायक, पेटी, वीणा, पखवाजाची शाई, पखवाजाचा डावा, टाळकऱ्यांवर चार माइक, बाकी श्रोत्यांकडे आणि राखीव. नवं कीर्तन म्हणजे साचा उघडायचा, तारीख टाकायची, लाल बटण. ट्रॅकची नावं देवनागरीत चालतात आणि डिस्कवर फाइलीही त्याच नावाने पडतात. 'पखवाज डावा' शोधायला मला आता 'ऑडिओ शून्य सात' आठवावं लागत नाही.

जागा मात्र खातो. ४८ किलोहर्ट्झला सोळा ट्रॅक म्हणजे तासाला अकरा जीबी, अडीच तासांच्या कीर्तनाला सत्तावीस-अठ्ठावीस. याचं कारण तो मुळात ३२ बिट फ्लोटमध्ये लिहितो. सेटिंगमध्ये २४ बिट केलं की पाऊण भागावर येतं आणि माझ्या मिक्सरमधून त्याहून जास्त काही येतही नाही. हे कळायला मला एक भरलेली डिस्क लागली.

टिकटिक हा दुसरा विषय. नवे लोक सगळ्यात आधी इथे चिडतात. कॉम्प्युटरला वेळेत आवाज पुरवता आला नाही की 'एक्सरन' होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टक्क असा आवाज राहतो. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा घास. तो ६४ नमुन्यांवर ठेवला तर सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास वेळ मिळतो, १०२४ वर एकवीस. मांडवात गायकाला आवाज माझ्या मिक्सरमधून थेट जातो, लॅपटॉपमधून फिरून नाही. मग ६४ चा हट्ट कशाला? १०२४ ठेवा, वायफाय बंद करा, आणि मधेच यूट्यूब उघडू नका. एवढ्यावर जुन्या लॅपटॉपवर अडीच तास एकही टक्क न येता निघतात.

आणि आता ती रात्र. आडगावच्या बाजूचा सप्ताह, सहावा दिवस. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, मी वायरीवर चालवत होतो (हो, माहीत आहे). महाराज दृष्टांतात रंगलेले. तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर पकडेपर्यंत दहा सेकंद, पण लॅपटॉपला एकच पुरला. पडदा काळा. एक तास चाळीस मिनिटांचं कीर्तन त्या क्षणी हवेत होतं. पोटात गोळा आला, पण मांडवात साउंडवाल्याने तोंड उतरवायचं नसतं, म्हणून आधी माइक सुरू करून दिले. मग लॅपटॉप चालू केला, सेशन उघडलं. आर्डरने एक छोटी खिडकी दाखवली: हे सेशन रेकॉर्डिंगच्या मधेच बंद पडलेलं दिसतंय, जे टिपलं गेलं ते परत मिळवू की सोडून देऊ? मी 'परत मिळव' दाबलं. सोळाही ट्रॅक पट्ट्यांसारखे उमटले, शेवटचं जेमतेम एखादं वाक्य गेलं. ज्याने ही खिडकी लिहिली त्याच्या मांडवातलीही लाइट कधीतरी गेली असणार. दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणजे बॅटरी आणली.

घरी मिसळताना खरी कसोटी टाळांची. वीस टाळकरी रिंगण धरून उभे राहिले की ते सगळ्या माइकांत शिरतात, महाराजांच्या माइकातही. सोबत येणारे इक्वलायझर, कंप्रेसर, रिव्हर्ब साधे आहेत, दिसायला अगदीच रूक्ष, पण काम चोख. पखवाजाच्या डाव्याला कणीक लावलेली असते, त्याचा घुमारा खाली साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत जातो. तो ट्रॅक सोडून बाकी सगळ्यांचा खालचा भाग कापला की निम्मा चिखल बसतो. अभंग, गजर, दृष्टांत असे भाग खुणा करून ठेवले की एका फटक्यात सगळे वेगवेगळ्या फाइलींत निघतात. काढतानाच आवाजाची सरासरी पातळी लफ्स (LUFS) या मापात दाखवतो. मंडळांना "आवाज मोठा पाहिजे" असतो. त्यांना मी तो आकडा दाखवतो आणि सांगतो की उणे चौदाच्या वर कितीही ताणलं तरी यूट्यूब ते खाली आणणारच. ढोलवाल्यांना हे अजिबात पटत नाही. नाशिक ढोल आहे शेवटी.

अण्णांच्या काळातल्या कॅसेटी उतरवायला मात्र मी आर्डर उघडत नाही. त्याला ऑडॅसिटी बरी. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू होऊन २००० साली लोकांपुढे आलेली, हीसुद्धा मुक्त-स्रोत. दोन सेकंदांची नुसती खरखर दाखवायची आणि तेवढीच वजा करायला सांगायचं. हावरटपणा नको. मी सहा डेसिबलच्या वर गेलो की टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येतात.

पुतण्या इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. त्याला म्हटलं, हे लोक कोड उघडा ठेवतात म्हणतात, बघ बरं खरंच आहे का. त्याने अख्खा स्रोत उतरवला आणि माझ्या लॅपटॉपवर बांधायला घेतला. आधी ही लायब्ररी नाही, मग ती नाही, मग तिसरीची आवृत्ती जुनी. संध्याकाळी सातला सुरू केलेलं रात्री साडेबाराला उभं राहिलं, पंखा जेट विमानासारखा. पण उभं राहिलं, आणि दहा मिनिटांनी मुकं होत नव्हतं. आमची रात्र आणि वीजबिल हीच किंमत. मग त्याला चेव आला आणि त्याने मराठी करायला घेतलं. भाषांतराची फाइल साधी आहे, वर इंग्रजी ओळ, खाली आपली. ट्रॅक ट्रॅकच राहिला. म्यूटला मी 'गप्प' सुचवलं, त्याने नाक मुरडलं. गाडी अडली ती 'बस'वर. अनेक ट्रॅक एकत्र करून पुढे नेणारी वाट, तिचं नाव बस. "काका, 'नवीन बस जोडा' लिहिलं तर लोक ठक्कर बाजारच्या बसस्टँडवर जातील." फाइल तिथेच थांबली आहे.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला कोडपेक्षा मोठी वाटली. सेशनची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर. त्यात माझे ट्रॅक, फेडर कुठे आहे, कुठला तुकडा कितव्या क्षणाला सुरू होतो, सगळं लिहिलेलं, 'पखवाज डावा' देवनागरीत. आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये साध्या वेव्ह फाइलींत. उद्या आर्डर बंद पडला तरी त्या कुठेही वाजतील. जुन्या हार्ड डिस्कवरच्या त्या मुक्या फाइली आठवल्या.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. ज्याला तयार बीट, सिंथ, तबल्याचे नमुने हवेत, गणपतीचं रीमिक्स रात्रीत काढायचंय, त्याला आर्डरमध्ये रिकामं घर मिळेल. आवाज स्वतः आणायचे. मिडीचं, म्हणजे कीबोर्डावरून सूर भरायचं, काम होतं, पण हात लवकर बसत नाही. त्यासाठी पुतण्या एलएमएमएस नावाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो आणि मजेत आहे. पहिल्यांदा उघडल्यावर कुठलं साउंडकार्ड, किती बफर असे प्रश्न तोंडावर येतात, तिथेच अर्धे लोक परत फिरतात. विंडोज आणि मॅकसाठीही मिळतो, पण मी तिथे वापरलेला नाही. आणि पडदा लहान असेल तर बटणं इतकी बारीक की मला आता चष्मा लागतो, अर्थात त्यात वयाचाही वाटा असेल.

गेल्या आठवड्यात काल्याचं कीर्तन मिसळून अण्णांना हेडफोनवर ऐकवलं. दोन दिवस घासून टाळ, पखवाज, पेटी अशी जागच्या जागी बसवली होती. अण्णा डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत होते. मग हेडफोन काढून म्हणाले, "बरं आहे. पण डावीकडचा तो एक टाळकरी घाई करतोय."

चारही टाळांचे ट्रॅक एकेक करून ऐकले. तिसऱ्या माइकात होता.