आरोग्य संजीवनी की कंपनीची स्वतःची पॉलिसी?

उदगीरच्या दुकानदार मित्राला आरोग्य विम्याच्या या दोन्हींपैकी एक पॉलिसी घ्यायची आहे. संजीवनीच्या अटी विमा नियामकाने 2020 पासून ठरवून दिल्यात, सगळ्या कंपन्यांत त्याच. हप्ता मात्र वेगवेगळा, म्हणून चार ठिकाणी विचाराच. खरी मेख रुग्णालयाच्या खोलीभाड्यात आहे: विमा रकमेच्या 2 टक्के, रोज जास्तीत जास्त 5,000 रुपये. लातुरात बहुधा निभेल. पुण्या-मुंबईत महाग खोली घेतली की डॉक्टरांच्या फीलाही त्या प्रमाणात कात्री लागते. शिवाय दाव्याचे 5 टक्के आपल्याच खिशातून. कंपनीच्या पॉलिसीत हे टाळता येतं, पण कागद बारकाईने वाचावे लागतात. आधीपासून असलेल्या जुन्या आजारांचा खर्च मिळू लागण्याआधीची प्रतीक्षा दोन्हीकडे 36 महिन्यांपेक्षा जास्त नसते.

उपचार जिल्ह्यातच घेणाऱ्यांना संजीवनी पुरे. मोठ्या आजारासाठी बाहेर जायची तयारी असेल, तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली कंपनीची पॉलिसीच घ्या.