अल्सासचे ग्रामजीवन: उंगर्सहाइमचे संग्रहालय की हुन्सपाख गाव?

पूर्व फ्रान्समधील अल्सास या प्रदेशात एकच दिवस हाताशी असलेल्यांना हा प्रश्न पडतो. मुलूझजवळच्या उंगर्सहाइम येथे 1984 मध्ये खुल्या झालेल्या एकोम्युझे या संग्रहालयात ठिकठिकाणची, पाडली जाणारी शेतकऱ्यांची घरे उतरवून पुन्हा उभारली आहेत. लाकडी सांगाड्याचे सांधे सुटे करता येतात आणि मधल्या भिंती माती व पेंढ्याच्या लिंपणाच्या असतात, म्हणूनच हे स्थलांतर शक्य झाले.

हुन्सपाख हे उत्तरेकडील व्हिसांबुर्गजवळचे नांदते गाव आहे. युरोपातील तीस वर्षांच्या युद्धात (1618–1648) ओस पडलेल्या या भागात पुढे स्वित्झर्लंडमधून कुटुंबे येऊन वसली. पांढऱ्या भिंती, गडद लाकूड, अंगणाभोवती घर, गोठा व कोठार, आणि बाहेरचे दिसावे पण आतले दिसू नये अशा फुगीर काचा येथे मूळ जागीच आहेत. मला हा फरक निर्णायक वाटतो, कारण शेजार आणि शिवार यांच्यापासून तोडलेले घर बरेच काही सांगत नाही.

खर्चाच्या दृष्टीने संग्रहालयाला तिकीट आहे, गावात फिरणे विनामूल्य आहे. मात्र गावात घरांच्या आत जाता येत नाही, तर संग्रहालयात चूल, निजण्याची खोली आणि कुंभार-लोहारांचे काम जवळून पाहता येते. संग्रहालय हिवाळ्यात बराच काळ बंद असते. हुन्सपाखला स्ट्रासबुर्ग–व्हिसांबुर्ग मार्गावरचे रेल्वेस्थानक आहे.

मुले सोबत असतील किंवा घरबांधणीचे तंत्र समजून घ्यायचे असेल, तर उंगर्सहाइम गाठावे. गावाची रचना आणि आजचे जगणे पाहायचे असेल, तर हुन्सपाख.