शहरातलं जुनं, स्वस्त घर : तपासून घेतलं, मग राहून पाहिलं

तळमजला, वर एक मजला, चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, आणि मागे कुणीतरी बऱ्याच वर्षांनी जोडलेली स्लॅबची खोली. आसपासच्या इतर घरांच्या मानाने किंमत बरीच कमी. घेण्याआधी आम्ही ते बारकाईने तपासलं होतं. आता पावसाचे आणि थंडीचे महिने त्यात काढून झालेत, तेव्हा त्या तपासणीतलं काय खरं ठरलं आणि कशाचा लोक उगाच बाऊ करतात, ते लिहिते.

घर स्वस्त आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न 'का?' हाच. विकणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'घाई आहे' असंच असतं. ते खरंही असेल, पण उत्तर त्याच्याकडून नव्हे, भिंतींकडून घ्यावं. काही घरं ओंगळ दिसतात म्हणून स्वस्त असतात, काही आतून खचलेली असतात म्हणून. पहिल्या प्रकारात सौदा आहे. दुसऱ्यात उरलेली किंमत तुम्ही पुढे दुरुस्तीच्या रूपाने भरता, एवढंच. आमच्याकडे न्हाणीघराच्या फरशा फुटक्या होत्या, दारांना तीन पिढ्यांचे रंग होते, स्वयंपाकघर बघवत नव्हतं. आधी येऊन गेलेले लोक त्यालाच नाक मुरडत होते. मला ते बघून बरं वाटलं होतं, कारण हे सगळं बदलता येतं आणि त्याचा खर्च आधी सांगता येतो. भीती वाटायची ती नव्याने रंगवलेल्या एकाच भिंतीची. सगळं घर कळकट आणि एकच भिंत स्वच्छ असेल, तर त्या रंगाखाली काहीतरी आहे असं धरूनच चालावं.

तपासणीत मी पाण्याला पहिला नंबर देते. तडे, कुजलेलं लाकूड, गंजलेल्या सळया, वाळवी, बुरशी, यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींचा माग काढत गेलं की शेवटी पाणीच सापडतं. म्हणून घर शक्यतो पाऊस चालू असताना किंवा थांबल्या थांबल्या बघावं. पन्हळीतून पाणी नीट खाली उतरतंय की भिंतीवरून ओघळतंय, अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून लांब, हे तेव्हाच दिसतं.

ओल दिसली म्हणून घर सोडायची गरज नाही, पण ती कुठल्या वाटेने आली ते कळलंच पाहिजे. जमिनीतून वर चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीच्या आसपास थांबते, तिथे वेडीवाकडी आडवी रेघ उमटते आणि रेघेच्या आसपास पांढरा लोणा फुटतो. पाणी वाळून जातं, त्याने आणलेले क्षार मागे राहतात, तोच हा लोणा. गळतीची ओल वेगळी: ती ठिगळासारखी एकाच जागी असते, पावसानंतर वाढते, आणि तिच्या वर कुठेतरी तुंबलेली पन्हळ, फुटका पाइप नाहीतर खिडकीची उघडी सांध असते. तिसरी ओल घरातल्याच हवेची. थंड भिंतीवर वाफ जमते आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी येते. या तिन्हींची औषधं वेगळी. तरी भिंतीला भोकं पाडून रसायन भरणारे लोक तिन्हींवर तोच इलाज सुचवतात, कारण त्यांच्याकडे तोच असतो. काटे टोचून ओल मोजण्याच्या यंत्राचंही तसंच. लाकडासाठी ते चांगलं. २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो, एवढं ते नीट सांगतं. पण क्षार असलेल्या भिंतीवर ते कोरड्या जागीही 'ओलं' म्हणून ओरडतं. त्या आकड्यावरून कुणी भाव पाडत असेल किंवा काम विकत असेल तर जरा थांबावं.

आमच्याकडची ओल पहिल्या प्रकारची निघाली, आणि कारण बाहेर होतं. वर्षानुवर्षं फरसबंदीवर फरसबंदी होत बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली होती. त्यात कुणीतरी आतल्या चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडतेही. सिमेंटने ती वाट बंद होते आणि पाणी आणखी वर चढतं. आम्ही बाहेरची माती खाली घेतली, उतार घरापासून लांब काढला, आत मीटरभर उंचीपर्यंत सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. भोकं नाहीत, रसायन नाही. विटांची भिंत वाळायला ढोबळ हिशोबाने इंचाला एक महिना लागतो. नऊ इंची भिंत म्हणजे वर्षातला बराचसा काळ. कंत्राटदार दोन आठवड्यांत रंग लावून मोकळं करतो म्हणत होता. आमच्या भिंती अजून उघड्या आहेत, येणारे-जाणारे विचारतात, पण लोणा झाडला की पूर्वीसारखा परत येत नाही आणि रेघ खाली सरकलीये.

तिसऱ्या प्रकारची ओल मात्र आम्हीच राहायला आल्यावर सुरू झाली. खिडक्यांच्या फटी बुजवल्या, घर उबदार झालं, आणि थंडीत एका कोपऱ्यात कपाटामागे काळे ठिपके दिसू लागले. जुन्या घरांत हवा फटींतून खेळते. फटी बंद केल्या तर वाफेला दुसरी वाट द्यावी लागते. न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारे पंखे बसवले, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, बुरशी थांबली.

तड्यांबद्दल लोक फार घाबरतात, आणि बहुधा चुकीच्या तड्यांना. गिलाव्यातल्या केसाएवढ्या भेगा प्रत्येक जुन्या घरात असतात. ढोबळमानाने ५ मिलिमीटरपर्यंतचे तडे भरून निघणारे धरतात, त्यापुढे गवंडी लागतो, आणि १५ मिलिमीटर ओलांडले की अभियंत्याच्या लेखी मताशिवाय घराबद्दल बोलूच नये. पण रुंदीपेक्षा मी दिशा आणि वय बघते. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपा चढणारा, वर रुंद आणि खाली निमुळता होत जाणारा तडा म्हणजे पायाची एक बाजू खचतेय अशी शंका घ्यायची. कडा बोथट झालेल्या, आत रंग आणि धूळ गेलेली असेल तर हालचाल जुनी. कडा धारदार, आत स्वच्छ वीट दिसत असेल तर ताजी. खचणं होऊन थांबलेलं असेल तर त्याच्यासोबत निवांत राहता येतं. चालू असेल तर नाही.

आमचा सर्वांत मोठा तडा जुनं घर आणि मागची खोली यांच्या जोडावर, सरळ उभा. दोन वेगळ्या पायांवरची दोन बांधकामं एकाच गतीने बसत नाहीत, त्यामुळे तो अपेक्षितच होता. तरी तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा केल्या, अंतर मोजून शेजारी तारीख लिहिली आणि दर महिन्याला मोजत राहिलो. पावसात किंचित हलला, नंतर परत आला. ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) वरून लोंबता सोडून भिंती सरळ आहेत का तेही बघितलं, त्या ठीक आहेत. वरच्या मजल्याची जमीन एका बाजूला उतरती आहे, गोटी ठेवली तर स्वतःहून भिंतीपर्यंत जाते. लाकडी तुळया वर्षांच्या ओझ्याने वाकलेल्या आहेत, कुजलेल्या नाहीत. तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून हे कळतं: निरोगी लाकडात तो अडतो, कुजलेल्यात सरळ शिरतो.

खरं दुखणं निघालं ते नव्या वाटणाऱ्या मागच्या खोलीचं. जुनं म्हणजे कच्चं आणि काँक्रीट म्हणजे पक्कं, हा समज इथे सपशेल उलटा पडतो. काँक्रीट मुळात तीव्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत गेला की ती अल्कता उतरते, मग ओलावा पोचला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि वरचं काँक्रीट आतून फोडून काढतो. स्लॅबखाली सळईच्या रेषेतच सरळ भेगा, तांबूस डाग आणि ठोकल्यावर पोकळ आवाज, ही त्याची लक्षणं. अभियंत्याने एक कोपरा फोडून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कता असेल तर रंग बदलणारं द्रव्य, फवारलं. शाबूत काँक्रीट त्याने गडद गुलाबी होतं. आमचं सळईच्या मागपर्यंत राखाडीच राहिलं. साधी चाचणी आहे, स्वस्त आहे, आणि सौद्यात आम्हाला सगळ्यांत जास्त सूट तिनेच मिळवून दिली.

नळ आणि वायरी याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे निर्णय सोपा आहे: जुन्या असतील तर बदलायच्या, आणि तो खर्च किमतीत आधीच धरायचा. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजत अरुंद होतात. खालचा-वरचा असे दोन नळ एकदम सोडले आणि धार करंगळीएवढी झाली, की समजायचं. वायरींचं रबरी आवरण वय झालं की ठिसूळ होऊन तुकड्यांनी गळतं. अर्थिंग नाही तर घर घेतल्या दिवसापासून ते काम आधी, आणि विजेची गळती झाली की ३० मिलिअँपियरला तुटणारा गळतीरोधक स्विच लावल्याशिवाय न्हाणीघरात गीझर चालू करू नये. सांडपाण्याच्या वाहिनीत कॅमेरा घालून बघितला तो खर्चही सार्थकी लागला: एका सांध्यातून झाडाची मुळं आत आली होती. वरून कुणाला दिसलं असतं?

दोन गोष्टी मात्र घाईने हात लावू नयेत अशा. खूप जुन्या रंगांत शिसं असू शकतं, ते कोरडं घासून उडवायचं नाही, घरात मूल असेल तर अजिबात नाही. आणि राखाडी नालीदार सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेले तर फुप्फुसांना घातक असे खनिज धागे, असण्याची शक्यता असते. पत्रा शाबूत असेल तोवर धोका कमी. कापला, भोक पाडलं, फोडला की धागे हवेत जातात. नजरेने ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळतं.

कागदपत्रं वकिलाकडून तपासायची हे सगळे सांगतात, मी एवढीच भर घालते की मंजूर नकाशा हातात घेऊन घरातून फिरावं. नकाशात नसलेली खोली किमतीत धरू नये.

किमतीचा हिशोब आम्ही उलटा मांडला. तशाच आकाराचं, त्याच भागातलं, दुरुस्त झालेलं घर कितीला जातं ते काढलं, त्यातून पाणी, पाया, छप्पर, वायरी, नळ यांचा खर्च वजा केला, वर त्या खर्चाचा पाचवा भाग न दिसलेल्या गोष्टींसाठी. उरला तो आमचा कमाल आकडा. तो पाचवा भाग जवळजवळ पूर्ण संपलाय. कामाचा क्रमही असाच ठेवला, आधी पाणी आणि छप्पर, मग वायरी, सगळ्यात शेवटी फरशी. कंत्राटदाराला नेहमी फरशीपासून सुरुवात करायची असते.

राहायला कसं आहे? जाड भिंतींमुळे दुपारचं ऊन आत पोचायला संध्याकाळ होते, आणि रस्त्याचा आवाज समोरच्या खोलीत अडतो. मधली खोली मात्र दिवसाही अंधारी आहे, जिना इतका खडा की जड सामान वर नेताना दोघं लागतात, आणि वायफाय एकाही भिंतीच्या पलीकडे धड जात नाही. बघायला आलं की माणूस तडे मोजतो. उजेड किती वाजेपर्यंत टिकतो ते कुणी मोजत नाही. सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या वेळी एकदा, असं घर दोनदा बघाच.

मागच्या खोलीचं अजून ठरलेलं नाही. अभियंत्याने दोन पर्याय दिलेत: सळया उघड्या करून, गंज काढून दुरुस्ती, किंवा पाडून हलकं छप्पर. दुरुस्तीचा खर्च थोडा कमी आहे, पण अल्कता उतरलेलं सगळं काँक्रीट काही बदललं जाणार नाही. म्हणून मी पाडण्याच्या बाजूने आहे, घरातल्या बाकीच्यांना ती खोली हवी आहे. पुढच्या पावसाआधी ठरवावंच लागेल. तोवर खाली टेकू लावलेत आणि वर कुणाला जाऊ देत नाही.