फौंड्रीशेजारच्या शॉपमध्ये दोन एसएसडी, नऊ महिन्यांनंतर

गुढीपाडव्याला दोन एसएसडी आणल्या, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या, आत काही न फिरणाऱ्या वेगवान ड्राइव्ह, एक जुन्या पीसीला आणि एक डिझाईनच्या पीसीला. आता नऊ महिने झाले, रोज दहा-बारा तास वापरायलोय, म्हणून आज लिहायला बसलो. पहिल्या आठवड्यात मुद्दाम लिहिलं नाही, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच एसएसडी पळतेय, खरं काय ते पावसाळा गेल्यावर कळतंय.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं जॉबवर्कचं शॉप आहे, दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी मिलिंग मशीनं, आणि भिंतीला लागून फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. त्यातली जुनी व्हीएमसी अजून सिरीयल केबलवरच प्रोग्राम घेते, तिची मेमरी एवढी कमी की डायचा (साच्याचा) मोठा प्रोग्राम आत मावतच नाही, पीसीवरून डीएनसीने, म्हणजे केबलमधून प्रोग्राम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने, थोडा थोडा सोडत राहायला लागतोय. त्यासाठी केबिनमध्ये एच६१ बोर्डाचा जुना आय-फाईव्ह पीसी ठेवलाय. लोक म्हणतात फेकून दे, नवीन घे, पण बहुतेक नव्या पीसीला सिरीयल पोर्ट नसतोय, यूएसबीचे कन्व्हर्टर आम्ही दोन लावून बघितले, लांब प्रोग्रामला मध्येच अक्षर गाळतात, आणि डीएनसीचं लायसन्स पण त्याच पीसीला बांधलेलं. म्हणून तो जपायचा.

त्याची हार्डडिस्क गेल्या वर्षी दमायला लागली. एकदा पी२० या साच्याच्या स्टीलचा ब्लॉक लागलेला, फिनिशिंगचा शेवटचा पास चाललेला, आणि ऑपरेटर आत आला, "मालक, मशीन मधीच थांबलंय बघा, प्रोग्राम येईना झालाय." जाऊन बघतो तर पीसीचा लाल दिवा सलग पेटलेला, माऊस हलत नाही, वीस-पंचवीस सेकंदांनी परत चालू झाला. पण तेवढ्यात कटर जॉबवर एकाच जागी फिरत राहिला आणि तिथं गोल डाग पडला. बोटाच्या नखाला लागत होता. पॉलिश करून निघाला नाही, परत वेल्डिंग, परत मशीनिंग. त्या दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर करंट पेंडिंग सेक्टर दोन आकडी. म्हणजे डिस्कला काही जागा वाचता येईनात, ती परत परत प्रयत्न करत बसते आणि तोपर्यंत अख्खा पीसी थांबतो. हा आकडा शून्याच्या वर दिसला की डिस्क अजून चालतेय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डेटा काढा.

जुन्यासाठी क्रुशलची एमएक्स५००, ५०० जीबीची साटा, म्हणजे केबलने जोडायची, घेतली. डिझाईनच्या पीसीला डब्ल्यूडी ब्लू एसएन५८०, १ टीबी, एम.२ वाली, म्हणजे सरळ बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारी. राजारामपुरीतनं घेतल्या, जीएसटीचं बिल घेऊन, कारण पाच वर्षांची वॉरंटी आहे आणि बिल नसलं की तिचा उपयोग नाही.

आता बसवताना काय काय झालं ते सांगतो. जुन्या पीसीत सरळ क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करायला गेलो तर खराब सेक्टरवर जाऊन क्लोन बंद पडायचा. मग आधी प्रोग्रामचे आणि ड्रॉईंगचे फोल्डर हातानं पेनड्राइव्हवर काढले आणि नंतर क्लोनझिला या सॉफ्टवेअरचा, खराब सेक्टर सोडून पुढं जाणारा रेस्क्यू पर्याय लावून रात्रभर सोडलं, सकाळी झालं होतं. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा. दोन्हीवर एकच सही (डिस्कची ओळख) असते, विंडोज गोंधळतं, एक डिस्क ऑफलाईन करून टाकतं.

दुसरी गोष्ट, या जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा बऱ्याचदा आयडीई या जुन्या मोडवर ठेवलेला असतोय. एसएसडीला एएचसीआय हा नवा मोड पाहिजे. मी बायोसमध्ये जाऊन सरळ बदललं आणि निळा स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाईस. घाबरायचं कारण नाही. परत आयडीई करून विंडोज चालू करायचं, एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटवर टिक मारायची, रिस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करायचं, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं आणि मग ती टिक काढायची. दहा मिनिटांचं काम. एका दुकानात मला यासाठी फॉरमॅटच मारायला लागेल म्हणून सांगितलेलं, तसं अजिबात नाही.

वेग म्हणाल तर एच६१ ला साटा सेकंदाला तीन गिगाबिटवालाच आहे, त्यामुळं बॉक्सवर सेकंदाला ५६० एमबी लिहिलेली ड्राइव्ह माझ्याकडे २७० च्या आसपासच जाते. तरी काही फरक पडत नाही, कारण विंडोज उठताना हजारो छोट्या फायली वाचतं आणि तिथं जुनी हार्डडिस्क सेकंदाला एक एमबी पण नीट देत नव्हती, आता वीस-बावीस मिळतात. पीसी उठायला साडेचार मिनिटं लागायची, आता चाळीस सेकंद. आणि माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की नऊ महिन्यांत डीएनसी एकदा पण डिस्कमुळं अडकलं नाही.

पण पीसी मात्र दोनदा बंद पडला, आणि दोन्ही वेळेला सगळ्यांनी एसएसडीवरच आळ घेतला.

पहिल्यांदा जुलैमध्ये. पीसी चालता चालता गोठायचा, रिस्टार्ट केला की बायोसमध्ये ड्राइव्हच दिसायची नाही, परत बंद-चालू केला की दिसायची. भाऊ म्हणाला, "दादा, तीन महिन्यातच गेली, वॉरंटीला लावून टाक." मी पण जवळजवळ काढलीच होती. पण आधी स्मार्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच नोंदवते ते तब्येतीचे, आकडे बघितले. पेंडिंग शून्य, लाईफ शंभर टक्के, फक्त सीआरसी एरर काउंट म्हणून एक ओळ असते तिथं साठ-बासष्ट. हा आकडा ड्राइव्ह खराब झाल्याचा नसतोय, ड्राइव्ह आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत डेटा बिघडतोय असं तो सांगतो. केबल बघितली तर पीसीबरोबर आलेली जुनी लाल केबल, तिला अडकवायची पत्रीची क्लिपच नाही. शेजारी फौंड्रीचं नॉकआऊट (ओतलेला माल साच्यातून झटकून काढणं) चालू झालं की आमचं टेबल थरथरतंय, बाटलीतलं पाणी हलताना दिसतंय, त्यात ती केबल किती दिवस टिकणार. क्लिपवाली केबल दीडशे रुपयाला आणली, पॉवरचा जो जोड लावलेला तो काढून एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) सरळ वायर दिली. तो आकडा कमी कधीच होत नाही, तसा अपेक्षित पण नाही, पण त्या दिवशी वहीत लिहून ठेवला आणि आज बघितला तर तोच आहे. म्हणजे दुखणं तिथंच होतं.

दुसऱ्यांदा दसऱ्यानंतर. खंडेनवमीला आम्ही मेन बंद करून सगळी मशीनं धुऊन-पुसून पूजा करतो, मग सुट्टी. दोन दिवसांनी आलो, बटण दाबलं, निळा स्क्रीन. ऑपरेटर म्हणाला, "पीसी उठंना झालाय, पूजेत पाणी गेलं काय ओ?" पाणी कुठलं, बायोस उघडला तर तारीख २०११ ची. तिथंच लक्षात आलं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला. रोज मेन चालू असायचं तेव्हा बोर्डाला थोडी वीज मिळत राहायची, म्हणून कळलं नव्हतं, दोन दिवस पूर्ण बंद ठेवल्यावर बायोस सगळं विसरला आणि साटा परत आयडीईवर गेला. सेल बदलला, एएचसीआय केलं, झालं. तुमचा पीसी सहा-सात वर्षं जुना असेल तर एसएसडी टाकतानाच सेल बदलून घ्या, चाळीस रुपयाच्या आत येतोय.

विजेचं मात्र मनापासून सांगतो, कारण यावर आमच्याकडे कोणी लक्षच देत नाही. फौंड्रीची फर्नेस चढली की आमच्या लाईनचा व्होल्टेज खाली जातो, ट्यूब मिणमिणते. एसएसडी लिहित असताना वीज तुटणं चांगलं नाही. साधा ऑफलाईन यूपीएस होता, तो बॅटरीवर उडी मारेपर्यंत कधीकधी पीसी रिस्टार्ट व्हायचा. आता १ केव्हीएचा ऑनलाईन यूपीएस लावलाय, त्याला उडी मारावीच लागत नाही. त्या निमित्तानं वायरमननं न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्ये मीटर लावला तर अकरा व्होल्ट! दोन-तीनच्या वर नसावा. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला, परत करून घेतला. दोन वर्षांपूर्वी सिरीयल पोर्ट जळला होता तो पण यामुळंच असणार असं मला आता वाटतंय, मशीनचं अर्थिंग वेगळं आणि पीसीचं वेगळं असलं की मधली केबल मार खाते. ड्राइव्हला हजारो रुपये घालता तर अर्थिंगला पण पैसे घाला, खरंच.

आता डिझाईनचा पीसी. इंटेलच्या दहाव्या पिढीचा आहे, स्लॉट जेन थ्री म्हणजे एक पिढी जुन्या वेगाचा, त्यामुळं एसएन५८० ला सेकंदाला ४१५० एमबी लिहिलेलं असलं तरी मला ३४०० मिळतात. मला माहीत होतं, किंमत जेन थ्रीवालीएवढीच होती म्हणून हीच घेतली. तिरकी धरून स्लॉटमध्ये सारायची, मग खाली दाबून स्क्रू लावायचा. हा स्क्रू एम२ चा असतो आणि बोर्डाच्या खोक्यात येतो, खोकं टाकलं असेल तर शोधत बसाल. आमच्या शॉपमध्ये एम३ पासून एम२४ पर्यंत बोल्ट आहेत पण हा नाही, शेवटी मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडून आणला. आमच्या बोर्डाला दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये काही लावलं की साटाचे दोन पोर्ट बंद होतात. जुनी हार्डडिस्क अचानक दिसेना झाली तर आधी मॅन्युअल बघा. नवीन ड्राइव्ह माय कॉम्प्युटरमध्ये आपोआप येत नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाईज करायला लागते, तिथं विभागणीचा प्रकार जीपीटी निवडा. आणि १ टीबीला ९३१ दिसतात, फसवलेलं नाही, कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं.

उन्हाळ्यात हीच ड्राइव्ह ७४ डिग्रीला जायची, ग्राफिक कार्डच्या अगदी खाली आहे. हीटसिंक लावला, ५८ वर आली. पॅडवरचं प्लास्टिक काढायला विसरू नका, आमच्या एका मित्राचं तसंच राहिलं होतं. धूळ काढायला शॉपच्या कंप्रेसरची हवा पीसीवर कधीच मारू नका, लाईनमध्ये पाणी आणि तेल असतंय. छोटा हँड ब्लोअर वापरा आणि फॅन बोटानं धरून ठेवा.

फायदा किती, तर मोठी असेंब्ली उघडायला दोन-अडीच मिनिटं लागायची ती पंधरा-वीस सेकंदांवर आली. टूलपाथ (कटरची वाट) काढायला मात्र पहिल्याएवढाच वेळ लागतो, ते काम प्रोसेसरचं आहे, त्यासाठी एसएसडी घेणार असाल तर निराश व्हाल. आयुष्याची काळजी लोक फार करतात. या ड्राइव्हला ६०० टीबी लिहायची हमी आहे, नऊ महिन्यांत माझं सहा टीबी झालं. जुन्यावरच्या एमएक्स५०० ला १८० ची हमी, तिथं दोन सुद्धा पूर्ण नाहीत.

खरी भीती वेगळी आहे. हार्डडिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा टकटक करते, हँग होते, चार दिवस देते. एसएसडी गेली की बहुतेक वेळा एका क्षणात जाते, आणि ट्रिममुळं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करते म्हणून, पुसलेली फाईल परत काढणं पण जवळजवळ अशक्य. म्हणून रोज संध्याकाळी प्रोग्राम आणि ड्रॉईंगचं फोल्डर दुसऱ्या पीसीवर जातं आणि दर शनिवारी पोर्टेबल हार्डडिस्कवर. ती हार्डडिस्क मी घरी नेतो, शॉपमध्ये ठेवत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, शॉप कोरडं होतं पण जायला रस्ता नाही. पुण्याचा कस्टमर फोनवर ड्रॉईंग मागतोय, पार्ट दुसरीकडनं करून घेतो म्हणतोय, आणि फाईल केबिनमधल्या पीसीत. तेव्हापासून पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की त्या आठवड्यात शनिवारची वाट बघत नाही, त्याच दिवशी कॉपी काढून घरी आणतो.

जुन्या पीसीवर विंडोज १० च आहे, ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही आणि १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, म्हणून त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. प्रोग्राम पेनड्राइव्हनं जातात, आणि तो पेनड्राइव्ह आधी डिझाईनच्या पीसीवर स्कॅन होतो. जुनी हार्डडिस्क पेंडिंग सेक्टरचा आकडा आणि तारीख लिहून कपाटात ठेवलीय. दुसऱ्या व्हीएमसीच्या पीसीला पण हीच साटावाली घेणार आहे, या वेळी क्लिपवाली केबल आणि सेल बरोबरच आणेन.